आधी पारा, मग यीस्ट

सोलापुरात बिअरसाठी द्रव यीस्ट मागवायचं असेल तर स्वादांची यादी मागाहून बघावी, आधी महिना बघावा. मार्चच्या मध्यापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत इथली दुपार 40 अंशांच्या आगेमागे असते, आणि कुरिअरच्या बंद गाडीत त्याहून चढी. द्रव यीस्टच्या पाकिटातल्या पेशी ओल्या आणि जाग्या असतात. थंडीत त्या अंगातला ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेलं खाद्य, पुरवून पुरवून वापरतात. उष्णतेत तोच साठा भराभर संपतो आणि मग पेशी मरून स्वतःलाच पचवायला लागते. पाकीट उघडल्यावर मांसाच्या रश्शासारखा किंवा सोया सॉससारखा वास आला, आतला माल साईच्या रंगाऐवजी तपकिरी दिसला, तर नेमकं हेच झालेलं असतं.

सुक्या यीस्टला हा घोर नाही. 11 ग्रॅमच्या पाकिटातल्या पेशी वाळवून निजवलेल्या असतात, फ्रिजमध्ये त्या वर्षानुवर्षं टिकतात. वाळवण्याआधीच त्यांच्यात स्टेरॉलचा, म्हणजे पेशीचं आवरण बांधायला लागणाऱ्या द्रव्याचा, साठा भरून ठेवलेला असल्यामुळे पहिल्या खेपेला वॉर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या गोड पाण्यात, हवा मिसळायचीही गरज पडत नाही. म्हणून साध्या पेल एलसाठी (एल म्हणजे उबेत आंबणारी बिअर) द्रव यीस्टच्या मागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा ब्रुअरीशी जोडलं जाणारं 'चिको' वाण व्हाइट लॅब्ज आणि वायईस्ट या यीस्टच्या कंपन्यांकडे अनुक्रमे डब्ल्यूएलपी001 आणि 1056 या नावांनी द्रवरूपात मिळतं. त्याच घराण्यातलं यूएस-05 सुकं मिळतं. दोन्हींच्या बिअर शेजारी शेजारी ठेवल्या तर बहुतेकांना फरक ओळखता येत नाही. जे वाण सुक्या रूपात मिळतच नाही किंवा सुकवल्यावर ज्याची खासियत जाते, तिथेच द्रव यीस्टचे पैसे वसूल होतात: बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरची काही वाणं, बेल्जियन मठांची, जुन्या इंग्लिश ब्रुअऱ्यांची, आणि नॉर्वेच्या शेतघरांतलं क्वाइक.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करायला हवी. मुंबई दारूबंदी कायदा, 1949, जो आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणून ओळखला जातो, त्याखाली परवान्याशिवाय बिअर बनवणं गुन्हा आहे, मग ती वीस लिटर असो की एक, विकायला असो की घरी प्यायला. त्यामुळे पुढचं सगळं परवान्याच्या मायक्रोब्रुअरीत काम करणाऱ्यांसाठी आहे, आणि सोलापूर सोडून अशा देशात राहायला गेलेल्यांसाठी आहे जिथे घरी बिअर करायला मुभा आहे. ब्रिटनमध्ये ती 1963 पासून विनापरवाना आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं ती 1979 पासून दिली. इथल्या घरात यीस्ट जगवायचं, वाढवायचं, मोजायचं तंत्र पावासाठी तितकंच उपयोगी पडतं, त्याबद्दल शेवटी लिहिलंय.

पाकीट घेताना पहिली नजर तारखेवर जायला हवी. वायईस्टच्या मोठ्या पाकिटात बनवल्या दिवशी साधारण 100 अब्ज पेशी असतात. त्या पाकिटात पोषणद्रव्याची एक छोटी पिशवी असते. तळहातानं दाबून ती आतल्या आत फोडायची, मग तीन-चार तासांत पाकीट फुगतं. फुगलं म्हणजे जिवंत पेशी आहेत इतकंच कळतं, किती आहेत ते कळत नाही. फ्रिजमध्ये ठेवलेल्या द्रव यीस्टमधल्या महिन्याला साधारण 20 टक्के पेशी मरतात असा जुना हिशेब आहे. नव्या पद्धतीच्या पाकिटांत हे प्रमाण कमी असतं, पण उन्हाळ्यात प्रवास करून आलेल्या मालासाठी जुना हिशेबच धरावा. दोन महिन्यांपूर्वीचं पाकीट म्हणजे हातात 60 अब्ज.

पुण्या-मुंबईहून माल येणार असेल तर तो सोमवारी निघेल असं बघावं, म्हणजे शनिवार-रविवार गोदामात पडून राहत नाही. रात्रीच्या गाडीनं पाठवायची सोय झाली तर सर्वांत चांगलं. पुणे ते सोलापूर अंतर अडीचशे किलोमीटर आहे, रात्री निघालेला थर्मोकोलचा डबा पहाटे हातात पडतो आणि जेल पॅक तोवर थंड असतात. जेल पॅक आणि पाकीट यांच्यामध्ये वर्तमानपत्राची जाड घडी हवी. गोठलेला पॅक थेट टेकला तर त्या बाजूच्या पेशींत बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशीची भिंत फाटते. घरच्या फ्रिजमध्येही मधल्या कप्प्यात पुढच्या बाजूला ठेवावं. दारात तापमान सारखं हलतं, मागच्या भिंतीला माल गोठतो. 1 ते 4 अंश हे त्याचं सुख आहे.

आता वाण निवडायचं. पुस्तकी पद्धत अशी की कोणती बिअर करायची ते ठरवा आणि तिच्यासाठी सांगितलेलं यीस्ट घ्या. थंड हवेच्या गावात ती चालते. तापणाऱ्या गावात प्रश्न उलटा विचारायला हवा: यीस्ट टाकल्यापासून पहिले तीन दिवस मी पिंपातलं तापमान किती अंशांवर खात्रीनं ठेवू शकतो? इथे पिंपातलं तापमान मोजायचं, खोलीतलं नाही. आंबताना साखर फुटते तशी उष्णता सुटते, आणि वीस लिटरच्या पिंपाचा गाभा खोलीपेक्षा 3 ते 5 अंश गरम असू शकतो. खोली 27 वर असेल तर पिंप 30-31 वर असतं. चिकोला 18 ते 22 आवडतं. 30 वर ते बिअर आंबवतं, लवकर आंबवतं, पण सोबत फ्युजेल अल्कोहोल सोडतं. त्याचा घशात जळजळणारा, नेलपॉलिशच्या बाटलीसारखा वास नंतर कितीही दिवस ठेवून जात नाही. स्वाद घडतो तो पेशींची संख्या वाढत असताना, म्हणजे पहिल्या दोन-तीन दिवसांत. चौथ्या दिवशी पिंप थंड केल्यानं मागचं काही पुसलं जात नाही.

म्हणून ज्यांच्याकडे थर्मोस्टॅट लावलेला वेगळा फ्रिज नाही त्यांनी लागरचा, म्हणजे थंडीत आंबवायच्या बिअरचा, विचारही करू नये. लागरचं यीस्ट, सॅकरोमायसिस पास्टोरिआनस, हा एक संकर आहे. त्याचा थंडी सोसणारा पूर्वज 2011 मध्ये पॅटागोनियाच्या जंगलात सापडला. 10 ते 13 अंशांवर काम करणं त्याच्या रक्तात आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सननं 1883 मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध वाण वाढवलं, तेही लागरचंच. सोलापुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्रीसुद्धा पारा 15-16 च्या खाली फारसा उतरत नाही, आणि दुपारी परत तिशीला टेकतो.

याउलट क्वाइक. नॉर्वेच्या पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांनी हे यीस्ट पिढ्यान्‌पिढ्या घरात सांभाळलं. लाकडी कड्यांवर, कापडावर वाळवून ठेवायचं आणि पुढच्या वेळी गरम, अंगाला लागेल अशा वॉर्टमध्ये टाकायचं. थंड देशातल्या यीस्टला इतकी उष्णता का मानवावी? कारण तिथे वॉर्ट पूर्ण निवायची वाट कुणी बघत नसे. शेकडो वर्षं गरम वॉर्टमध्ये जे जगलं तेच पुढच्या खेपेला गेलं. व्हॉस गावाकडचं क्वाइक 35 ते 40 अंशांवर तीन-चार दिवसांत काम आटोपतं आणि जळजळीऐवजी संत्र्याच्या सालीचा वास देतं. ओमेगा कंपनीचं ओवायएल-061 हे तेच. त्याला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे खाद्य: 1.045 घनतेच्या (पाण्याची 1.000 धरून) खालच्या हलक्या वॉर्टमध्ये यीस्टचं पोषणद्रव्य घातलं नाही तर ते अर्ध्यात बसतं. दुसरी म्हणजे ऊब. 25 च्या खाली गेलं तर सुस्तावतं, आणि ज्याच्यासाठी घेतलं तो संत्र्याचा वासही मंद होतो. रात्री एसी लावून पिंपाला गारवा द्यायची सवय इथे अंगाशी येते.

दुसरं उष्णताप्रिय वाण सेझॉन या बिअरचं, बेल्जियमच्या फ्रेंचभाषक भागातलं. वायईस्ट 3724 आणि डब्ल्यूएलपी565 या दोन्हींचं वागणं सारखं आहे: सुरुवात झकास, मग घनता 1.030 च्या आसपास आली की काम ठप्प. नवखा माणूस इथे घाबरून दुसरं यीस्ट ओततो. त्याची गरज नसते. पिंप 32 ते 35 अंशांवर न्यायचं आणि आठ-दहा दिवस हात लावायचा नाही, मग घनता आपोआप खाली येते. मिरीची झाक असलेली, अगदी कोरडी बिअर मिळते. ही आणि वायईस्ट 3711 ही डायस्टॅटिकस प्रकारातली यीस्टं आहेत. त्यांच्यातल्या एका जनुकामुळे ती एक विकर बाहेर सोडतात आणि इतर यीस्टांना न पचणाऱ्या लांब साखळ्या सावकाश तोडून खातात. घनता पुरती खाली येऊन तीन दिवस सलग एकच दाखवतेय याची खात्री न करता बाटल्या भरल्या तर आतला दाब वाढत जातो आणि काच फुटते. ज्या नळीतून, नळातून हे यीस्ट गेलं ती दुसऱ्या बिअरला वापरायची नाही, हा नियम मी कडक पाळायला सांगेन. रबरी वायसरमध्ये उरलेल्या चार पेशीही पुढच्या खेपेला पुरतात.

गव्हाच्या बिअरचं वायईस्ट 3068 मधल्या पट्ट्यातलं आहे, 17 ते 24. खालच्या टोकाला लवंगेची झाक जास्त, वरच्या टोकाला पिकल्या केळ्याची. 24 च्या पुढे केळं इतकं चढतं की बाकी काही उरत नाही. इंग्लिश वाणांपैकी वायईस्ट 1968 तळाशी इतकं घट्ट बसतं की काम अर्धवट टाकूनही बसतं. पिंप हळुवार गोल फिरवून त्याला उठवावं लागतं, आणि शेवटचे दोन दिवस 2-3 अंश ऊब वाढवावी लागते, नाहीतर बिअरला लोण्याचा वास राहतो. तो डायअसिटिलचा वास. जागं यीस्ट ते परत शोषून घेतं, झोपलेलं घेत नाही.

वाण ठरलं की संख्या. एलसाठी नियम असा: दर मिलिलिटरला, दर अंश प्लेटोमागे (प्लेटो म्हणजे वॉर्टमधल्या साखरेचे वजनी टक्के) 7.5 लाख पेशी. 1.048 घनतेचं वॉर्ट म्हणजे सुमारे 12 अंश प्लेटो. वीस लिटर म्हणजे 20,000 मिलिलिटर. गुणाकार केला की 180 अब्ज येतात. लागरला दुप्पट, 360 अब्ज. हातातल्या 60 अब्ज पेशी सरळ टाकल्या तर त्यांना आधी स्वतःची संख्या कैकपट वाढवावी लागते, आणि स्वादाची गडबड होते ती त्या वाढीतच. शिवाय पहिले बारा-पंधरा तास पिंपात आम्ल तयार होत नाही. तापलेल्या घरात तेवढा वेळ जिवाणूंना भरपूर होतो. थंड गावातली कमी यीस्टची चूक खपून जाते, इथे खपत नाही.

म्हणून स्टार्टर करायचा, म्हणजे यीस्ट आधी थोड्या वॉर्टमध्ये वाढवून घ्यायचं. 2 लिटर पाण्याला 200 ग्रॅम सुकं माल्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे घनता 1.037 च्या आसपास. साखर किंवा गूळ घालून स्टार्टर करायचा मोह टाळावा. नुसत्या साखरेवर वाढलेल्या पेशी माल्टोज आत ओढून घेणारी यंत्रणा पुरती उभी करत नाहीत, मग खऱ्या वॉर्टमध्ये गेल्यावर अडखळतात. आणि साखरेत नायट्रोजन नसतो, माल्टमध्ये असतो. दुकानात मिळणारी दुधात घालायची माल्टची पूडही चालत नाही, तिच्यात दुधाची भुकटी असते. बेकरीच्या मालाच्या दुकानात बार्लीचं घट्ट, काकवीसारखं दिसणारं माल्ट एक्स्ट्रॅक्ट मिळतं. ते घेतलं तर त्यातल्या पाण्यामुळे 200 ऐवजी 250 ग्रॅम धरावं, आणि डब्यावरच्या घटकांत साखर किंवा टिकवणारं रसायन नाही ना, तेवढं वाचावं.

आपल्या स्वयंपाकघरात इथे एक मोठी सोय आहे, ती म्हणजे कुकर. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे, इथे पाणी शंभरच्या थोडं आधीच उकळतं. उकळल्यानं जिवाणू मरतात, त्यांचे बीजाणू मरत नाहीत. स्टार्टर लगेच वापरायचा असेल तर दहा-पंधरा मिनिटं उकळणं पुरेसं. पण बाटल्यांत भरून ठेवायचा असेल तर उकळून ठेवणं धोक्याचं आहे. वॉर्टची आम्लता कमी असते आणि बंद बाटलीत हवा नसते. बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जिवाणू वाढायला नेमकी हीच स्थिती लागते. कुकर पूर्ण दाबाला आला की आत 120 अंशांच्या आसपास तापमान होतं. त्यात झाकण सैल ठेवलेल्या काचेच्या बाटल्या, पाऊण भरून, पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर वीस मिनिटं. अर्ध्या लिटरच्या वरच्या बाटल्या घेऊ नयेत, गाभ्यापर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो. कुकर आपोआप थंड होऊ द्यायचा. शिट्टी उचलून वाफ सोडली तर बाटलीतलं वॉर्ट उसळून बाहेर येतं.

नळाचं पाणी उजनी धरणाचं, क्लोरिन घातलेलं असतं, आणि शहरात पाणी काही दिवसांआड येत असल्यामुळे ते टाकीत साठून राहतं. क्लोरिन माल्टमधल्या फिनॉलशी जुळलं की बँडेजपट्टीसारखा औषधी वास येतो, आणि तो अगदी थोड्या प्रमाणातही जाणवतो. आदल्या रात्री उकळून उघडं ठेवलेलं पाणी वापरलं की हा प्रश्न राहत नाही. बोअरच्या पाण्यात क्लोरिन नसतं, पण क्षार फार असतात. स्टार्टरला ते चालतं, फिकट बिअरला चालत नाही.

निवलेल्या वॉर्टमध्ये 25 अंशांना यीस्ट टाकायचं. पाकिटाचं तोंड आणि कात्री 70 टक्के अल्कोहोलनं पुसून घ्यायची. भांड्याच्या तोंडावर ॲल्युमिनियमची फॉइल सैल बसवायची. इथे हवा आत जायला हवी, एअरलॉकचं, म्हणजे वायू फक्त बाहेर सोडणाऱ्या झडपेचं, काम नाही. ऑक्सिजन मिळाला तर पेशी स्टेरॉल बनवते, स्टेरॉलशिवाय नव्या पेशीचं आवरण होत नाही. कॉम्प्युटरच्या जुन्या पंख्याला दोन चुंबकं चिकटवून, वर फ्लास्क ठेवून आत लोहचुंबकाची गोळी फिरवत ठेवली तर 24 ते 36 तासांत 60 अब्जांचे 180 अब्ज गाठता येतात. ढवळायची सोय नसेल तर येता-जाता भांडं जोरात हलवायचं. तेवढ्यानंही वाढ होते, पण कमी, म्हणून मग स्टार्टर तीन लिटरचा करावा. 28-30 अंशांवर स्टार्टर ठेवला तरी बिघडत नाही, कारण वरचं पाणी आपण टाकूनच देणार असतो. काम झालं की एक-दोन दिवस फ्रिजमध्ये, पेशी तळाशी बसतात, वरचं आंबट पाणी ओतून टाकायचं, पेलाभर ठेवायचं आणि त्यात तळ मोकळा करायचा. वास ताज्या पावाचा, फार तर कच्च्या सफरचंदाचा यावा. व्हिनेगरचा आला, वर पातळ सुरकुतलेला पापुद्रा दिसला, तर निःसंकोच टाकून द्यावा. दोनशे ग्रॅम माल्ट वाचवायला वीस लिटर घालवू नये.

अंदाजावर भागत नसेल त्यानं रक्तपेशी मोजायची काचपट्टी घ्यावी. न्यूबाउअर चेंबर म्हणतात ती, लॅबच्या सामानाच्या दुकानात मिळते. 400 पट मोठं दाखवणारा कॉलेजातला साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. तळाचा माल ढवळून 1 मिलिलिटर घ्यायचा आणि 200 मिलिलिटर होईपर्यंत पाणी घालायचं. त्यातल्या थेंबात तेवढंच मेथिलिन ब्लू, म्हणजे पेशी ओळखायचा निळा रंग, घातलं तर पातळपणा दुप्पट धरायचा. मधल्या मोठ्या चौकोनात 25 घरं दिसतात, चार कोपऱ्यांतली आणि मधलं अशी पाच मोजायची. जिवंत पेशी रंग आत शिरू देत नाही किंवा शिरलेला फिका करते, ती पारदर्शक दिसते. मेलेली गडद निळी. घराच्या रेषेवर बसलेल्या पेशींपैकी वरच्या आणि डाव्या रेषेवरच्या घ्यायच्या, बाकी सोडायच्या, नाहीतर एकच पेशी दोनदा मोजली जाते. पालवी फुटलेली पेशी, म्हणजे आईला चिकटलेलं पिल्लू, आईच्या निम्म्याहून मोठं असेल तरच वेगळं धरायचं. समजा पाच घरांत 45 पेशी आल्या आणि त्यातल्या 6 निळ्या. जिवंत 39. त्याला 5 नं गुणायचं, मग 10,000 नं, मग 400 नं. 78 कोटी पेशी दर मिलिलिटरला. 180 अब्जांसाठी 230 मिलिलिटर तळ लागेल. मेलेल्यांचं प्रमाण फार असेल तर मेथिलिन ब्लूचा आकडा जरा जास्तच उदार येतो, म्हणून दहातली एक निळी दिसायला लागली की थोडा जादा माल घ्यावा.

यीस्ट तयार असलं तरी वॉर्ट तयार लागतं, आणि मे महिन्यात तेच अवघड. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी 35 अंशांच्या खाली नसतं, त्यामुळे तांब्याच्या नळीचा चिलर त्याच्याही खाली नेऊ शकत नाही. तिथून पुढे बर्फ. वीस लिटर वॉर्ट 35 वरून 20 वर आणायला 300 किलोकॅलरी काढाव्या लागतात. एक किलो बर्फ वितळून 20 अंशांपर्यंत येताना 100 घेतो. म्हणजे कागदावर तीन किलो. बादलीच्या भिंती, बाहेरची हवा धरून सहा किलो आणावा. बर्फ बाहेरच्या टबात, वॉर्टमध्ये कधीही नाही. लादीचा बर्फ कुठल्या पाण्याचा आहे ते आपल्याला माहीत नसतं. यीस्ट आणि वॉर्ट यांच्यात 5 अंशांहून जास्त फरक नको. फ्रिजमधून काढलेलं थेट गरम वॉर्टमध्ये टाकलं तर पेशी धक्का खाते आणि तासन्‌तास काही करत नाही. निवल्यावर पिंप पाच मिनिटं चांगलं घुसळून हवा मिसळायची. उकळीत ऑक्सिजन सगळा निघून गेलेला असतो, आणि नुसत्या घुसळण्यानं जास्तीत जास्त 8 पीपीएमच्या आसपासच परत येतो. वॉर्ट जितकं गरम तितका कमी.

आणि मग टॉवेल. सोलापूरहून बाहेर जाणाऱ्याच्या बॅगेत चादर आणि टर्किश टॉवेल असतोच. पिंप परातीत ठेवायचं, परातीत चार बोटं पाणी, टॉवेल पिंपाभोवती गुंडाळून खालची कड पाण्यात, समोर टेबल फॅन. माठ जसा पाणी गार करतो तसंच. टर्किश टॉवेलच्या उभ्या फासांमुळे बाष्पीभवनाला पृष्ठभाग जास्त मिळतो आणि पाणी वरपर्यंत चढतं. पातळ पंचा वरून वाळून जातो. हवा 40 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल तर ओल्या कापडाचा पारा 23 च्या खाली जातो. पिंप तेवढं उतरत नाही, पण आंबण्याची उष्णता धरूनही 26-27 वर थांबवता येतं. ऑगस्टमध्ये हवा 29 आणि आर्द्रता 75 टक्के असते, तेव्हा तोच टॉवेल 25 च्या खाली जाऊच शकत नाही. कोरड्या उन्हाळ्यात टॉवेल मोठा फरक पाडतो, दमट पावसाळ्यात तीन-चार अंशांचाच. अमेरिकेतल्या कोरड्या फीनिक्सला राहणाऱ्या सोलापूरकराला ही युक्ती उन्हाळाभर चालेल, दमट ह्यूस्टनवाल्याला नाही. त्यानं पिंप पाण्याच्या टबात बुडवून, सकाळ-संध्याकाळ गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या बदलाव्यात. दोन लिटरच्या दोन बाटल्यांनी टबाचं तापमान 18-20 वर ठेवता येतं, फक्त टब मोठा हवा आणि बदल चुकायला नको. तापमापीची पट्टी पिंपाच्या अंगाला चिकटवून तिच्यावर फोमचा तुकडा लावावा, नाहीतर ती ओल्या टॉवेलचंच तापमान सांगते आणि आपण खूश होतो.

यीस्ट टाकल्यावर सहा ते अठरा तासांत फेस दिसायला हवा. चोवीस तासांनंतरही शांतता असेल तर आधी झाकण नीट बसलंय का ते बघावं, अनेकदा वायू बाजूनं निसटत असतो आणि एअरलॉक निष्कारण बदनाम होतं. मग घनता मोजावी. हललीच नसेल तर सुक्या यीस्टचं एक पाकीट कपाटात असावं, ते टाकावं. मधेच अडकलं असेल तर ऊब 2-3 अंश वाढवून पिंप हळू फिरवावं. शेवटी हिशेब: 1.048 वरून 1.011 पर्यंत आलं, म्हणजे 48 पैकी 37 गेले, 77 टक्के. बऱ्याच एल यीस्टांच्या कागदावर याच्या आसपासचा आकडा असतो.

तळाशी राहिलेला गाळ हे पुढच्या खेपेचं यीस्ट. मधला साईच्या रंगाचा थर घ्यायचा, खालचा करडा आणि वरचा पातळ सोडायचा, उकळून ठेवलेल्या बरणीत तीन चतुर्थांश भरून फ्रिजमध्ये, झाकण घट्ट न करता. दोन आठवड्यांत वापरावा. तापलेल्या पिंपातून, 1.065 च्या वरच्या कडक बिअरमधून किंवा हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा, मारा केलेल्या बिअरमधून गाळ उचलू नये, त्या पेशी दमलेल्या असतात. पाच-सहा पिढ्यांनंतर नवं पाकीट घ्यावं. मधल्या काळात वाणाचा स्वभाव सरकत जातो, आणि जिवाणूही थोडे थोडे जमत असतात.

इथल्या घरात हाच स्टार्टर पावाला घालता येतो, आणि त्याला हॉप्सचा कडूपणाही नसतो. एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपातले भट्टीवाले ब्रुअरीचा फेसच वापरत. अर्धा किलो मैद्याला स्टार्टरचा घट्ट तळ चार मोठे चमचे, मीठ 9 ग्रॅम, पाणी तळाचं ओलेपण वजा करून 300 मिलिलिटर. हे यीस्ट बेकरीच्या यीस्टपेक्षा सावकाश फुगवतं. जानेवारीत पीठ रात्रभर बाहेर ठेवावं, एप्रिलमध्ये तीन-चार तासांत बघावं आणि बाकीचा वेळ फ्रिजमध्ये द्यावा. 3068 घातलं तर कच्च्या पिठाला केळ्याचा वास येतो, भाजल्यावर तो बराचसा उडून जातो. व्हॉसचं क्वाइक मे महिन्याच्या ओट्यावरही बिनतक्रार काम करतं, आणि पावासाठी मी तरी तेच सुचवेन.